गाबोळीतला तांबडा दोरा

श्रोतेहो, बाजारातून आणलेला एखादा मोठा मासा घरी चिरायला घ्यावा, पोटातली गाबोळी अलगद बाजूला काढावी, आणि तिच्या पिवळसर दाण्यांत एक लांब तांबडा दोरा वेटोळे घालून बसलेला दिसावा, असा प्रसंग मासळी खाणाऱ्या कोणत्याही घरात येऊ शकतो. मग घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणते, मासा सडला आहे. कोणी म्हणते, छे, ही तर माशाची शीर. कोणी काही न बोलता सबंध मासा उचलून उकिरड्यावर टाकते आणि पैसे पाण्यात गेले म्हणून हळहळते. आज आपण या तांबड्या दोऱ्याची हकिगत पाहणार आहोत. तो आहे कोण, येतो कुठून, त्यापासून माशाचे किती बिघडते आणि आपले किती, हे चार प्रश्न आपल्यापुढे आहेत.

ज्यांच्या गावाजवळ समुद्र नाही त्यांनी, आणि ज्यांच्या घरी मासळी शिजत नाही त्यांनीही, हे भाषण ऐकावे. कारण या दोऱ्याचा एक नातेवाईक समुद्रापासून दूर, कोरडवाहू मुलखातल्या विहिरींवर पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम ठोकून होता. त्याचे नाव घेतले की गावातली वडीलधारी माणसे अजूनही पाय चोळतात. तो नातेवाईक म्हणजे नारू.

प्रथम दोऱ्याची ओळख करून घेऊ. हा दोरा म्हणजे जिवंत प्राणी आहे. गांडुळासारखे वळे किंवा खंड त्याच्या अंगावर नसतात. अंग गोल, गुळगुळीत आणि सुतासारखे लांब. अशा प्राण्यांना शास्त्रात सूत्रकृमी म्हणतात. पोटातले जंत हेही सूत्रकृमीच. दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्याच अन्नावर जगणारा, म्हणजे परोपजीवी, असा हा आपला किडा आहे. त्याच्या वंशाला ‘फिलोमेट्रा’ असे नाव आहे. हे नाव कोस्टा या इटालियन प्राणिशास्त्रज्ञाने १८४५ साली दिले. ग्रीक भाषेत ‘फिलो’ म्हणजे आवड असलेला आणि ‘मेट्रा’ म्हणजे गर्भाशय. नावातच बिऱ्हाडाचा पत्ता आला, असे म्हणायला हरकत नाही. मात्र किड्याची ओळख या नावाहून जुनी आहे. भूमध्य समुद्रातल्या एका माशातील असा किडा रूडोल्फी या शास्त्रज्ञाने १८१९ सालीच नोंदवून ठेवला होता.

आपल्याला गाबोळीत दिसतो तो दोरा म्हणजे या किड्याची मादी. ती बोटभर, वीतभर आणि काही जातींत त्याहूनही लांब वाढते. नर मात्र दोन-चार मिलिमीटरचा, पांढुरका; भिंगावाचून तो सापडायचा नाही. मादी तांबडी का दिसते? ती माशाचे रक्त पिते म्हणून. आणि पूर्ण वाढलेल्या मादीच्या अंगात दुसरे असते तरी काय? आतडे चेपून बारीक झालेले, शेपटीकडचे द्वार बुजून गेलेले, आणि सबंध शरीर म्हणजे एक लांब पिशवी, तीत लक्षावधी पिले खच्चून भरलेली. ही मादी अंडी घालत नाही. अंडी तिच्या पोटातच फुटतात आणि पिले तिथेच वळवळत राहतात.

आता विचार करा. या पिलांना पुढचे आयुष्य काढायचे तर बाहेर समुद्रात पडले पाहिजे, आणि त्यांची आई तर माशाच्या पोटात, चहूबाजूंनी बंद असलेल्या गाबोळीत अडकलेली. बाहेर पडायला दार एकच, आणि तेही वर्षातून ठराविक दिवसांतच उघडते. मासा अंडी सोडतो ते दिवस! म्हणून या किड्याने आपले सारे वेळापत्रक माशाच्या विणीशी जुळवून घेतले आहे. माशाची गाबोळी भरू लागली की मादीही भराभर वाढू लागते. गाबोळी पिकते त्या सुमारास तिच्या पोटातली पिलेही तयार होतात. मासा पाण्यात अंडी सोडू लागला की अंड्यांबरोबर ही मादीही बाहेर येते, पाण्यात तिचे अंग फाटते, आणि पिलांचा लोट समुद्रात पसरतो. आई तिथेच संपते. शेतकऱ्याने मृगाचा पाऊस धरून पेरणी साधावी, तसा हा किडा माशाचा हंगाम साधतो.

बाहेर पडलेली पिले सुटी राहून फार दिवस जगत नाहीत. समुद्राच्या पाण्यात कॉपेपॉड नावाचे बारीक जीव तरंगत असतात. तिळाहूनही लहान, अंगावर पातळ कवच आणि वल्ह्यासारखे पाय असलेले हे प्राणी म्हणजे कोळंबीचे दूरचे धाकटे भाऊबंद. ते ही वळवळणारी पिले खाऊन टाकतात. परंतु खाल्लेले पिलू मरत नाही. कॉपेपॉडच्या शरीरात ते कात टाकते, वाढते आणि पुढच्या प्रवासाला तयार होते. मग त्या कॉपेपॉडला मासा खातो, किंवा लहान मासा खातो आणि त्या लहान माशाला मोठा. अशा रीतीने पिलू पुन्हा मोठ्या माशाच्या पोटात उतरते, आतड्याची भिंत पार करून शरीरातून वाट काढते आणि जननेंद्रियाशी पोहोचते. बहुतेक वेळा ते मादीच्या अंडाशयातच आढळते, क्वचित नराच्या वृषणातही. तिथे नर-मादी एकत्र येतात, आणि चक्र पुन्हा सुरू होते.

श्रोतेहो, हे चक्र ऐकताना तुमच्यापैकी पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांना काही आठवले का? नारूचे चक्र जवळजवळ असेच! नारू झालेला माणूस पायविहिरीत पाय बुडवून पाणी भरी. पायावरच्या फोडातून नारूची मादी पाण्यात पिले सोडी. विहिरीतला सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव ती पिले खाई. हा सायक्लॉप्स म्हणजे गोड्या पाण्यातला कॉपेपॉडच. ते पाणी न गाळता प्यालेल्या माणसाच्या पोटात सायक्लॉप्स जाई, आणि साधारण वर्षभराने त्या माणसाच्या पायाला फोड येऊन हातभर लांबीचा नारू डोके वर काढी. तो काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा ओढावा लागे. ऐन पेरणीच्या दिवसांत घरातला कर्ता माणूस महिना महिना अंथरुणाला खिळे. शास्त्रज्ञांनी गाबोळीतला किडा आणि नारू यांना एकाच मोठ्या कुळात घातले आहे, ते उगीच नव्हे. दोघांच्याही माद्या लांब, दोघींच्याही पोटात जिवंत पिले, दोघींनाही पाण्याची ओढ, आणि दोघींच्याही पिलांना कॉपेपॉडची पालखी.

या नात्यातून एक मोठे काम झाले आहे. नारू माणसाच्या शरीरात शिरतो कसा, हे शेकडो वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. चिखलातून पायात शिरतो, अशी पुष्कळांची समजूत होती. कोडे सुटले ते एका माशाच्या किड्यामुळे. जर्मनीतील प्रसिद्ध शास्त्रज्ञ रूडोल्फ लॉयकार्ट हे गोड्या पाण्यातल्या माशांच्या आतड्यात राहणाऱ्या एका सूत्रकृमीचा अभ्यास करीत होते. त्या किड्याची पिले सायक्लॉप्सच्या शरीरात वाढतात, असे त्यांना दिसून आले. नारूची पिले दिसायला तशीच. तेव्हा नारूचेही तसेच असेल काय, हे तपासून पाहा, असे त्यांनी अलेक्सी फेदचेन्को या तरुण रशियन शास्त्रज्ञाला सुचविले. फेदचेन्को मध्य आशियात तुर्कस्तान प्रांताच्या मोहिमेवर होते. तिथे नारू घरोघर होता. १८७० च्या सुमारास त्यांनी नारूची पिले सायक्लॉप्सच्या शरीरात शिरून वाढताना प्रत्यक्ष पाहिली. पुढे १९१३ साली ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड या आपल्या संशोधकांनी अशा सायक्लॉप्समधून नारू माणसाला होतो, हे स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून दाखविले.

एकदा वाट कळली की ती अडवता येते. नारूवर लस निघाली नाही, त्याला मारणारे रामबाण औषधही निघाले नाही. तरी भारतातून तो गेला. १९८३ पासून आपल्याकडे नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढच्याच वर्षी देशभर मोजणी केली तेव्हा सुमारे चाळीस हजार रोगी आढळले, आणि ज्या राज्यांत ते होते त्यांत आपला महाराष्ट्रही होता. मग पायविहिरींच्या पायऱ्या बंद करणे, हातपंप बसविणे, पाणी दुहेरी फडक्यातून गाळून पिणे, विहिरीत सायक्लॉप्स मारणारे औषध टाकणे आणि रोग्याने पाण्यात पाय न घालणे, ही साधीच कामे गावोगाव नेटाने झाली. देशातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. माशाच्या आतड्यातला किडा पाहत बसलेल्या माणसाला त्या काळी कोणी विचारले असते की बाबा रे, याचा उपयोग काय, तर त्याला तरी काय सांगता आले असते?

आता पुन्हा समुद्राकडे वळू. गाबोळीतल्या किड्याने माशाचे किती नुकसान होते? मादी किडा रक्त पितो, त्यामुळे गाबोळीत जागोजागी रक्तस्राव होतो. किडे पुष्कळ असले तर आजूबाजूची अंडी चेपली जातात, जिरून जातात, आणि त्या जागी घट्ट तंतूंची गाठ तयार होते. ज्या माद्यांना बाहेर पडायला जमत नाही त्या आतच मरतात. माशाचे शरीर त्यांच्याभोवती कवच बांधून त्यांना बंदिस्त करून टाकते. अशा कवचाचे तपकिरी खडे गाबोळीत सापडतात. आपल्या बोटात काटा रुतून राहिला तर त्याभोवती मांस धरते, तसाच हा प्रकार.

पण यावरून किडा लागलेला प्रत्येक मासा वांझ होतो, असे समजू नये. एखादा मोठा मासा एका हंगामात लाखो अंडी सोडतो. गाबोळीत एक-दोन किडे असले तर त्यांच्याजवळची थोडी अंडी वाया जातात, बाकीची सुखरूप बाहेर पडतात. काही जातींच्या माशांत विणीवर स्पष्ट परिणाम दिसला आहे, तर काहींत तो फारसा मोजता आलेला नाही. यात नवल नाही. मासा व्यालाच नाही तर किड्याच्या पिलांनाही बाहेरची वाट मिळणार नाही. भाडेकरूला घर जाळून कसे चालेल?

काळजीचे कारण असते ते वेगळ्या ठिकाणी. एखाद्या जातीचा मासा अतोनात पकडला गेला, मोठ्या माद्या समुद्रात थोड्याच उरल्या, आणि त्या थोड्यांच्याही गाबोळ्या किड्यांनी पोखरल्या, तर पुढच्या पिढीत तूट येणार. ज्या घरात दाणे मोठ्या कणगीत आहेत तिथे चार उंदीर खपून जातात. ज्या घरात शेरभर दाणे उरले आहेत तिथे एक उंदीरही जड जातो. म्हणून मत्स्यशास्त्रज्ञ मासळीच्या साठ्याचा अंदाज करताना आता या किड्यांचीही दखल घेऊ लागले आहेत. किनाऱ्यावर जे लोक समुद्रातून विणीचे मासे धरून आणून पिंजऱ्यात किंवा तळ्यात बीज तयार करतात, त्यांनी तर गाबोळीकडे अवश्य लक्ष द्यावे.

हे किडे जगातल्या उष्ण आणि समशीतोष्ण समुद्रांत पसरलेले आहेत. जपानमध्ये सुझुकी नावाच्या माशात सापडलेल्या किड्याचे वर्णन यामागुती यांनी १९३५ साली केले. त्यानंतर कुठल्याही समुद्रात, कुठल्याही माशाच्या गाबोळीत तांबडा किडा दिसला की तो हाच, असे धरून चालण्याची पद्धत पडली. पुढे बारकाईने पाहू लागल्यावर चूक ध्यानात आली. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड किनाऱ्यावरच्या ब्ल्यूफिश या माशातला किडा निराळा आहे, असे रामचंद्रन या संशोधकांनी १९७३ साली दाखविले. चेक शास्त्रज्ञ फ्रान्तिशेक मोराव्हेत्स यांनी तर या कुळाच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता एकेका माशाला बहुधा त्याचा स्वतःचा किडा असतो, असे दिसू लागले. बंगालच्या उपसागरातल्या मासळीत सापडलेल्या काही नव्या जातींचे वर्णन त्यांनी एका भारतीय सहकाऱ्याबरोबर २०१३ साली प्रसिद्ध केले. त्यांतली एक जात ढोम्याच्या कुळातल्या, सुळ्यांसारखे दात असलेल्या एका माशाच्या गाबोळीतली आहे. तो मासा आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही मिळतो.

आता घरच्या प्रश्नाकडे येऊ. असा मासा खावा की टाकावा? मासा ताजा असेल, म्हणजे डोळे चकचकीत, कल्ले लाल, मांस दाबले तर पुन्हा वर येणारे असेल, तर केवळ हा किडा दिसला म्हणून मासा टाकण्याचे कारण नाही. किडा म्हणजे सडण्याची खूण नव्हे. गाबोळीचा किडका भाग काढून टाकावा. मन घेत नसेल तर सबंध गाबोळी टाकावी. बाकीचे मांस नेहमीप्रमाणे नीट शिजवून खावे. हा किडा माशाच्या शरीरात वाढायला सरावलेला आहे. शिजलेल्या माशातून तो माणसाला होत नाही. मात्र हा नियम कच्च्या माशाला लावू नका. माशांच्या आतड्यांत व मांसात अनिसाकिस नावाचे वेगळे सूत्रकृमी असतात. ते पांढुरके, घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळी करून बसलेले. जिथे मासा कच्चा खाण्याची चाल आहे, तिथे त्यांच्यापासून लोकांना पोटाचे तीव्र दुखणे होते. मीठ-लिंबू चोळून ठेवल्याने ते खात्रीने मरत नाहीत. चांगल्या उकळीने मात्र नक्की मरतात. आपल्या कालवणाची उकळी ही चवीची तशी आरोग्याचीही राखणदार आहे.

एका गोष्टीची मात्र जपणूक हवी, आणि ती विशेषतः मासे कापणाऱ्या भगिनींनी ध्यानात ठेवावी. हवाई बेटांत एक कोळी मासा कापीत असताना त्यातला असाच किडा त्याच्या हातावरच्या उघड्या जखमेत शिरला. १९८६ साली ही हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. असे क्वचितच घडते, भिण्यासारखे नाही. पण हाताला चीर पडली असेल तर ती स्वच्छ पट्टीने बांधून मगच मासे कापायला बसावे. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

माशाची आतडी आणि घाण कुत्र्या-मांजरांपुढे टाकण्याची सवयही सोडलेली बरी. आफ्रिकेतल्या चाड देशात माणसांतला नारू जवळजवळ संपत आला असताना, २०१२ नंतर तो कुत्र्यांत मोठ्या संख्येने दिसू लागला. मासे आणि बेडूक यांच्या अंगात नारूची पिले टिकून राहतात आणि ते कच्चे खाल्ल्याने कुत्र्यांना लागण होत असावी, असे तेथील अभ्यासकांचे मत झाले. म्हणून तिथल्या गावकऱ्यांना माशांची आतडी पुरून टाकायला शिकविण्यात आले. आपल्याकडे नारू राहिला नाही; परंतु घाण पुरण्याची सवय नारूपुरतीच उपयोगी आहे, असे थोडेच आहे? खड्ड्यात गेलेली आतडी माडाला खत म्हणूनही कामी येतात.

कोणी विचारील, नारू जसा हटविला तसा हा किडा समुद्रातून हटविता येणार नाही का? नाही येणार. विहीर बांधून काढता येते, पाणी फडक्याने गाळता येते. समुद्राला कोण फडके लावणार? आणि तो हटवावा, असेही काही नाही. समुद्रातल्या सजीवांच्या हिशेबात त्याचीही एक जागा आहे. आपल्या हाती आहे ते एवढेच, की विणीच्या हंगामात मासळीला उसंत द्यावी, लहान पिलावळ जाळ्यात ओढू नये, म्हणजे समुद्राची कणगी भरलेली राहील आणि चार उंदीर तिला जड जाणार नाहीत.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. किनाऱ्यावरच्या शाळांना विज्ञानाचे हे साहित्य फुकट मिळण्यासारखे आहे. गाबोळीत तांबडा दोरा दिसला तर तो बशीत मिठाच्या पाण्यात ठेवून भिंगातून मुलांना दाखवा. शिरेला फांद्या फुटलेल्या असतात, किड्याला नसतात; हा फरक मुले चटकन ओळखतात. मग तो बाटलीत स्पिरिट घालून ठेवा आणि वर चिठ्ठी लावा: माशाचे नाव, त्याची लांबी, कोणत्या बंदरावरचा, महिना कोणता, गाबोळी कच्ची की पिकलेली. चिठ्ठीवाचून किडा नुसता किडा असतो. चिठ्ठी लावली की तो पुरावा होतो. दोन-तीन वर्षे अशा बाटल्या साठल्या, तर आपल्या बंदरावर हा किडा कोणत्या महिन्यांत दिसतो आणि माशाच्या विणीशी त्याचा मेळ बसतो की नाही, हे मुलांना स्वतः ताडून पाहता येईल. आतल्या गावांतल्या शिक्षकांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वर्गात बोलावून नारूच्या आठवणी सांगायला लावाव्या आणि त्या वहीत उतरवून घ्याव्या. ज्यांनी नारू काडीवर गुंडाळताना पाहिला अशी माणसे आता थोडी उरली आहेत. पाणी गाळण्याच्या एका फडक्याने केवढे संकट टळले, हे मुलांना त्यांच्याच तोंडून कळू द्या.